वऱ्हाड परत मागणारा दिवाण

हैदराबादच्या सहलीला गेलेला यवतमाळकर चारमिनारइतक्याच हौसेने सालारजंग संग्रहालय पाहून येतो. तासाच्या ठोक्याला घंटा वाजवणारी घड्याळातली बाहुली बघायला गर्दीत ताटकळतो, संगमरवरी बुरख्याआडून चेहरा दाखवणारी रिबेका डोळे भरून पाहतो आणि परतीच्या गाडीत बसतो. तो संग्रह मुख्यतः तिसऱ्या सालारजंगांचा, म्हणजे मीर युसुफ अली खान यांचा. ते १९४९ साली वारले आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. रिबेकेचा पुतळा मात्र त्यांच्या आजोबांनी १८७६ साली रोममध्ये विकत घेतलेला. हे आजोबा त्या वर्षी विलायतेला कशासाठी निघाले होते, हे संग्रहालय पाहून परतणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. ते वऱ्हाड परत मागायला निघाले होते. त्या वऱ्हाडात वणी, यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि पुसद होते.

मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग, हे प्रस्तुत पुस्तकाचे नायक. जन्म १८२९, मृत्यू १८८३. वयाच्या चोविसाव्या वर्षी ते निजामाचे दिवाण झाले आणि मरेपर्यंत, तब्बल तीस वर्षे, त्या पदावर राहिले. तीन निजाम त्यांनी पाहिले. त्यातल्या पहिल्याने त्यांना नाखुशीने नेमले, दुसऱ्याने त्यांच्यावर कधी पुरता विश्वास टाकला नाही आणि तिसरा त्यांच्या डोळ्यांसमोर पाळण्यातून मोठा झाला. हैदराबाद राज्याला हिशेब, जिल्हे, पोलीस, न्यायालये आणि रेल्वे देणारा कारभारी म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. मराठवाड्याच्या इतिहासात ते येतात. वऱ्हाडच्या इतिहासात येत नाहीत, कारण वऱ्हाडच्या एकाही गावावर त्यांचा अंमल चालला नाही. त्यांना दिवाणगिरी मिळाली तेव्हा वऱ्हाड हातचे जाऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

तरीही त्यांचे चरित्र यवतमाळात बसून लिहावे असे मला वाटले. या माणसाच्या सगळ्या कारभाराचा कणा वऱ्हाड आहे, असे माझे म्हणणे आहे. गेलेला मुलूख परत घ्यायचा तर आधी आपण तो सांभाळण्याच्या लायकीचे आहोत हे दाखवले पाहिजे, या एका विचारावर त्यांनी राज्य उभे केले. आधुनिक हैदराबाद हे बऱ्याच अंशी वऱ्हाडच्या वियोगातून घडले. आणि ज्या वऱ्हाडसाठी हा खटाटोप चालला, तिथल्या माणसाला मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणी काही विचारले नाही. पुस्तकभर हे दोन धागे एकत्र चालतात.

वऱ्हाड गेले ते लढाईत नव्हे, हिशेबात. १८०३ साली अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पाडाव झाला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. तोवर इथली रयत भोसले आणि निजाम अशा दोन धन्यांना महसूल देत होती. आता धनी एकच राहिला. पण तो धनी स्वतःच कर्जात बुडत चालला होता. १८०० सालच्या तहाने निजामाने बळ्ळारी आणि कडप्प्याकडचा मुलूख तैनाती फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीला तोडून दिला होता. फौजेचा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी करवली. हीच पुढची हैदराबाद कंटिन्जंट. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. शांततेच्या काळात अशी फौज पोसण्याचे बंधन कोणत्याही तहात नव्हते.

या फौजेची ओळख आपल्या भागाला फार लवकर झाली. उमरखेडच्या परिसरात दबदबा असलेल्या नौसाजी नाईक या हटकर सरदाराचा नोव्हा इथला किल्ला १८१९ च्या जानेवारीत तिनेच वेढा घालून घेतला. बंड मोडले, बंदोबस्त झाला, पण महिन्याच्या महिन्याला पगार कुठून द्यायचा हा प्रश्न काही सुटला नाही. दरबारातले कर्तेधर्ते चंदुलाल यांनी तो कर्ज काढून सोडवला. आधी पामर कंपनीचे कर्ज, शेकडा पंचवीसच्या घरातल्या व्याजाने. मग विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीवाल्यांचे. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला पोचवणाऱ्या पहिल्या व्यापाऱ्यांत ही पेढी होती आणि दिलेल्या कर्जापोटी वऱ्हाडचा वसूल तिच्याकडे लावून दिलेला होता. औरंगाबादला त्यांच्या नावाचा पेस्तनशाही रुपया पडत असे, यावरून त्यांचे वजन लक्षात यावे. १८४३ साली चंदुलाल पायउतार झाले तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. फौजेचा पगार मग कंपनीच भागवू लागली आणि ती रक्कम निजामाच्या नावावर चढवत गेली.

लॉर्ड डलहौसीच्या काळात या खात्याची वसुली निघाली. थकबाकी चाळीस लाखांहून अधिक दाखवली गेली. निजाम नासिर-उद्-दौला मुलूख द्यायला तयार नव्हता. रेसिडेंट कर्नल लो याने त्याला तयार केले. २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दोआब हे प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. मालकी निजामाचीच राहायची. उत्पन्नातून इंग्रजांनी निदान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने एवढी कंटिन्जंट पोसायची, कर्जाचे व्याज वळते करायचे, दरसाल चोख हिशेब द्यायचा आणि काही उरले तर ते निजामाला पोचते करायचे, असे ठरले. शेत सावकाराकडे गहाण टाकावे, कसायचे त्याने, पीक विकायचे त्याने, हिशेबही त्यानेच लिहायचा आणि सातबारा तेवढा आपल्या नावावर राहावा, असा हा व्यवहार होता. गहाणाचे शेत सुटते कसे आणि बहुतेक वेळा सुटत का नाही, हे यवतमाळच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तह करणारे दिवाण सिराज-उल्-मुल्क हे सालारजंगांचे चुलते. तहावर शाई वाळते न वाळते तोच ते वारले. घराणे दिवाणांचेच होते: मीर आलम, मुनीर-उल्-मुल्क, सिराज-उल्-मुल्क अशी परंपरा. वडील लवकर गेल्यामुळे मुलगा आजोबा आणि चुलत्यांच्या देखरेखीखाली वाढला. फारसी-अरबीचे शिक्षण खानदानी रिवाजाप्रमाणे झाले, इंग्रजी त्याने आपणहून शिकून घेतली. विशीच्या उंबरठ्यावर तेलंगणातल्या काही तालुक्यांचा कारभार त्याच्याकडे आला. हे तालुके आधी डायटन नावाच्या इंग्रजाकडे होते आणि त्याने तिथे जमाखर्चाची शिस्त घालून दिलेली होती. जमिनीचा वसूल मक्त्याने न देता सरकारी नोकरामार्फत गोळा करता येतो, हा धडा पोरसवदा नवाबाने तिथे गिरवला. मे महिना संपायच्या आत त्याच्या अंगावर दिवाणगिरीची खिलत चढली.

समोर काय होते? नोकरांचे पगार थकलेले, परगणे अरब आणि रोहिला जमादारांकडे गहाण पडलेले. हे जमादार एका हाताने सरकारला कर्ज देत आणि दुसऱ्या हाताने रयतेकडून व्याजासकट वसूल करत. देणेकऱ्यांना डांबायला त्यांच्या स्वतःच्या कोठड्या होत्या. महसुलाचे मक्ते जास्त बोली लावणाऱ्याला मिळत आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठी बोली आली की पहिला मक्तेदार जाता जाता गावे धुऊन नेई. वऱ्हाडनेही १८५३ पूर्वी हेच भोगले होते. निजामी अमदानीतल्या वऱ्हाडचे जे काळे चित्र इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवले त्यात त्यांचा स्वार्थ होता हे खरे, पण चित्र सर्वस्वी खोटे नव्हते. हे मान्य केल्याखेरीज सालारजंगांच्या कामाचे मोल कळत नाही.

त्यांनी गाजावाजा न करता एकेक गाठ सोडवली. गहाण परगणे कर्ज फेडून मोकळे केले. मक्ते मोडून पगारी तालुकदार नेमले. सरकारी खजिना एका जागी आणला, हाली सिक्का पाडून नाण्यांतली बजबजपुरी कमी केली. पिढ्यान्‌पिढ्या दप्तर सांभाळणाऱ्या घराण्यांकडे राज्याचा सगळा जमाखर्च अडकला होता. मराठी मुलखाचे दप्तर राय रायां या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होते, तेलंगणाचे मालवाला या कायस्थ घराण्याकडे. ती मक्तेदारीही हळूहळू दिवाणाच्या कचेरीत आली. १८६५ साली जिल्हाबंदी झाली: राज्याचे विभाग, विभागांचे जिल्हे, जिल्ह्यांचे तालुके पाडले गेले आणि अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड बसली. १८६८ साली न्याय, महसूल, पोलीस आणि संकीर्ण अशा खात्यांवर सदर-उल्-महाम, म्हणजे मंत्री, नेमले गेले. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि आकारणी सुरू झाली. १८७४ साली वाडीहून सिकंदराबादपर्यंत रेल्वे धावली.

या यादीतली बरीच कामे त्याच सुमारास पैनगंगेच्या अलीकडेही चालली होती, तीही मुंबईच्याच पद्धतीने. वऱ्हाडात १८६१ पासून रयतवारी मोजणी सुरू झाली. १८६४ साली आपला जिल्हा आग्नेय वऱ्हाड म्हणून वेगळा काढला गेला आणि वणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९०५ साली वाशिम जिल्ह्यातला पुसद तालुका त्याला जोडला आणि यवतमाळ जिल्हा झाला. नदीच्या एका तीरावर रेसिडेंटचा अंमल, दुसऱ्या तीरावर दिवाणाचा. माहूरच्या रेणुकेला जाणारा भाविक, बंजाऱ्यांचे तांडे, गोंड-कोलामांचे पाडे यांना ही सरहद्द फारशी जाणवत नसे. पण कारभारी जाणत होता. पलीकडे इंग्रज जे करतात ते आपण इकडे करून दाखवू शकतो, हे सिद्ध करण्याची जिद्द त्या जिल्हाबंदीमागे होती, असे मी पुस्तकाच्या मधल्या भागात मांडले आहे.

हे सगळे करताना हात बांधलेलेच होते. दुसरा निजाम अफझल-उद्-दौला याच्या कारकिर्दीत राज्याच्या सर्वांत मोठ्या कामदाराला शहराबाहेर पाऊल टाकायचे तर धन्याची परवानगी लागे. मुलखाची घडी बसवणारा माणूस तो मुलूख डोळ्यांनी पाहू शकत नव्हता; सगळे राज्य त्याने कागदावर चालवले. दरबारातल्या हितशत्रूंनी त्याला काढण्याचा घाट एकदा सोडून दोनदा घातला. १८५९ आणि १८६८ साली त्याच्यावर हल्लेही झाले, दोन्ही वेळा तो वाचला.

१८५७ चे प्रकरण मराठी वाचकाला सर्वांत अवघड जाईल. नासिर-उद्-दौला मे महिन्यात वारला, अफझल-उद्-दौला गादीवर आला आणि उत्तरेतून बातम्या येऊ लागल्या. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारपणाखाली रोहिल्यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चाल केली. सालारजंगांनी इंग्रजांची बाजू घेतली आणि शहर आवरून धरले. तुर्रेबाज खान पुढे पकडताना मारला गेला, मौलवी काळ्या पाण्यावर गेला. हैदराबाद उठले असते तर दख्खन उठले असते, ही भीती मुंबईपासून मद्रासपर्यंतच्या इंग्रजांना होती आणि ती निराधार नव्हती. इकडे वऱ्हाडच्या वसुलावर पोसलेली कंटिन्जंट सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य हिंदुस्थानात गेली, झांशी आणि काल्पीच्या लढायांत उतरली. वणी-दारव्ह्याच्या शेतकऱ्याने भरलेला सारा राणी लक्ष्मीबाईंच्या विरुद्ध खर्ची पडला, हे सत्य आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात लिहिलेले मी पाहिलेले नाही. ते लिहायला हवे.

सालारजंगांना देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांचा हिशेब वेगळा होता. ते करारावर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. आपण शब्द पाळला की समोरच्यालाही पाळावा लागेल, अशी त्यांची समजूत होती. त्यांची इंग्रजनिष्ठा आणि त्यांची वऱ्हाडची मागणी ही एकाच धोरणाची दोन टोके होती. १८५७ मध्ये जे दिले ते नाणे वऱ्हाडच्या बाजारात वटेल, ही आशा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

काही अंशी ते वटलेही. २६ डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दोआब परत आले, सुरापूर संस्थान बक्षीस मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. बदल्यात निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे काही तालुके सोडले, त्यांत आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले सिरोंचा होते, आणि वऱ्हाडचा वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही सोडला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले, आता केवळ कंटिन्जंटच्या खर्चासाठी. गंमत अशी की, हा तह घडवणाऱ्या रेसिडेंट डेव्हिडसन यानेच वरिष्ठांना कळवले होते की, निःपक्षपाती हिशेब केला तर निजामाकडून आपले काही येणेच निघत नाही. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतल्या अबकारीचे उत्पन्न इंग्रजांनी सुमारे चाळीस वर्षे स्वतःकडे ठेवले होते. ते निजामाच्या खात्यात जमा धरले असते तर १८५३ चे कर्जच उभे राहत नव्हते. सालारजंगांच्या पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा पाया हा मुद्दा आहे.

कर्ज माफ झाले, मग गहाण कशासाठी? फौजेच्या पगाराची हमी हवी असेल तर ती आम्ही रोख रकमेने देतो, तुमच्या तिजोरीत ठेव ठेवतो, तिच्या व्याजातून पगार भागवा आणि मुलूख मोकळा करा, असे सालारजंगांचे साधे म्हणणे होते. १८६६ साली त्यांनी ते पहिल्यांदा मांडले. म्हैसूरचे राज्य मूळ घराण्याकडे परत द्यायचे इंग्रजांनी त्याच सुमारास ठरवले होते आणि १८८१ साली दिलेही. वऱ्हाडच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे कारण काळ्या जमिनीत होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचे भाव कडाडले, जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली, खामगाव आणि अमरावतीच्या बाजारांतला माल थेट मुंबई बंदराला जाऊ लागला. १८५३ साली इंग्रजांनी हातात घेतला तो ओस पडत चाललेला मुलूख होता. वीस वर्षांनी मँचेस्टरच्या गिरण्या त्याच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या.

१८६९ साली अफझल-उद्-दौला वारला. गादीवर मीर महबूब अली खान आला, वय तीन वर्षांच्या आत. सालारजंग आणि दरबारातले उमराव शम्स-उल्-उमरा हे दोघे मिळून राज्य पाहू लागले, आणि दिवाणाच्या लेखणीला पहिल्यांदाच मोकळीक मिळाली. १८७२ पासून वऱ्हाडच्या मागणीची पत्रे कलकत्त्याला एकामागून एक जाऊ लागली. उत्तरे गोड आणि पोकळ असत. १८७५ साली इंग्लंडचा युवराज मुंबईला आला, तेव्हा नऊ वर्षांच्या निजामाने तिथे हजर व्हावे असा हट्ट सरकारने धरला. मुलाच्या प्रकृतीचे कारण देऊन सालारजंगांनी त्याला पाठवले नाही, स्वतः गेले. तो नकार कलकत्त्याच्या दप्तरी कायमचा लिहून ठेवला गेला.

पुढच्याच वर्षी ते विलायतेला निघाले. वाटेत इटलीत पोपची आणि राजाची भेट झाली. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. त्या दिवसापासून ते लंगडत चालत. लंडनमध्ये स्वागताला सीमा नव्हती. राणीची भेट झाली, ऑक्सफर्डने सन्मानाची पदवी दिली, लंडन शहराने नागरिकत्व बहाल केले. सत्तावनमध्ये साम्राज्य वाचवणारा म्हणून वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले. वऱ्हाडचा विषय निघाला की मात्र तो कलकत्त्याच्या सरकारमार्फत यावा, एवढेच उत्तर मिळे. मानसन्मान देऊन तोंडाला पाने पुसण्याचा याहून शिष्ट नमुना सापडणे कठीण.

परतल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन वाट पाहतच होता. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात सालारजंग बालनिजामाला घेऊन हजर राहिले. त्याच साली शम्स-उल्-उमरा वारले, आणि ज्या माणसाशी सालारजंगांचे हाडवैर होते त्या विकार-उल्-उमरा यांना सरकारने त्यांच्या शेजारी सहकारी म्हणून आणून बसवले. रेसिडेंट सर रिचर्ड मीड त्यांच्या प्रत्येक कागदावर नजर ठेवून असे. १८७८ साली लंडनहून अखेरचे उत्तर आले: निजाम सज्ञान होईपर्यंत वऱ्हाडचा विचार होणार नाही. घोंगडे भिजत पडले. ते उलगडण्याआधीच, ८ फेब्रुवारी १८८३ रोजी, पटकीने सालारजंगांचा मृत्यू झाला. एका युरोपीय पाहुण्याला मीर आलम तलावावर घेऊन गेले होते, तिथून परतले आणि दुसऱ्या दिवसाची रात्र त्यांनी पाहिली नाही. वय चौपन्न. वर्षभरात महबूब अली खान सज्ञान ठरला. त्याच्या बाजूने कागद वाचणारा माणूस उरला नव्हता.

पुढची कथा थोडक्यात अशी. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा दरसाल पंचवीस लाखांवर लिहून घेतला. पुढच्या वर्षी कंटिन्जंट हिंदी लष्करात मिसळून टाकण्यात आली. जिच्या पगारासाठी मुलूख घेतला ती फौज संपली आणि मुलूख मात्र मध्यप्रांताला जोडला गेला. निजाम उस्मान अली खान यांनी १९२३ साली मागणी पुन्हा काढली. १९२६ साली लॉर्ड रीडिंगने हिंदुस्थानात इंग्रजांची सत्ता सर्वश्रेष्ठ आहे असे सुनावून ती फेटाळली. १९३६ च्या करारात निजामाला हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम ही पदवी मिळाली, युवराज वऱ्हाडचा राजपुत्र झाला. सालारजंगांनी जमीन मागितली होती. पन्नास वर्षांनी किताब मिळाला.

माणूस म्हणून सालारजंगांचे मोजमाप करताना त्यांच्या पिढीतल्या दोन मराठी दिवाणांची आठवण ठेवावी. तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव जवळपास त्यांच्याच वयाचे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशी तीन संस्थाने त्यांनी मार्गी लावली. ग्वाल्हेरचे सर दिनकरराव राजवाडे यांनी सालारजंगांप्रमाणेच सत्तावनमध्ये इंग्रजांची बाजू धरली. तिघांनीही मक्तेदारी मोडली, हिशेब लावला, शाळा काढल्या. पण माधवराव पगारी कारभारी होते, पटले नाही की दुसऱ्या संस्थानात जात. सालारजंग खानदानी उमराव होते. घराणे, जहागीर आणि दिवाणगिरी एकमेकांत गुंतलेली होती. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. त्यांच्या चिकाटीचे मूळ तिथे आहे, आणि दोषांचेही. सगळी सूत्रे त्यांनी एकहाती ठेवली. उत्तर हिंदुस्थानातून सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, चिराग अली यांच्यासारखी कर्तबगार माणसे आणली, पण त्यातून मुलकी (स्थानिक) आणि गैरमुलकी (बाहेरचे) असा जो तंटा पेटला तो हैदराबादला शेवटपर्यंत पुरला. रयतेला कारभारात बोलायला जागा असावी, असा विचार त्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

ही उणीव त्यांच्या प्रतिपक्षातही तितकीच आहे, आणि साधने वाचताना ती पदोपदी बोचते. इंग्रजांच्या बाजूने आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर हे मोठे साधन. विद्वान, वाचनीय, आणि इंग्रजी अंमलाआधी इथे अंधार होता हे दाखवण्यास उत्सुक. दिवाणाच्या बाजूने बिलग्रामी यांनी लिहिलेले चरित्र, निष्ठावान माणसाने मृत्यूनंतर लगेच लिहिलेले, म्हणून स्तुतीकडे झुकणारे. तहांचे मसुदे आणि सरकारी पत्रे या दोहोंना आधार देतात. या सगळ्या ढिगात वणीचा कुणबी भेटतो तो साऱ्याच्या आकड्यात, पुसदचा बंजारा जकातीच्या नोंदीत, केळापूरचा कोलाम जंगलाच्या उत्पन्नात. वऱ्हाड कोणाचे, यावर शेकडो पाने लिहिली गेली. वऱ्हाडात राहणाऱ्याला काय हवे, यावर एक ओळ नाही.

पुस्तकाची मांडणी याच जाणिवेने केली आहे. पहिल्या भागात कर्ज आणि तह, दुसऱ्यात दिवाणाचा कारभार, तिसऱ्यात वऱ्हाडचा पत्रव्यवहार आणि विलायतेचा प्रवास येतो. प्रत्येक भागाला जोडून पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर त्या वर्षांत काय चालले होते याचे एक प्रकरण ठेवले आहे, म्हणजे दिवाणाची गोष्ट वाचताना जिल्हा नजरेआड होणार नाही. ज्यांना फक्त चरित्र हवे त्यांनी ती प्रकरणे ओलांडून जायला हरकत नाही. पण मग निम्मे पुस्तक हातून सुटेल.

कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड १९४७ पर्यंत निजामाचेच होते. १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह करून गवत कापले, तेव्हा ती जमीन कागदावर निजामाची होती, जंगलचा कायदा इंग्रजांचा होता आणि त्या दोघांचीही परवानगी न घेता विळा चालवणारे लोक तिसरेच होते. सालारजंगांनी वर्षानुवर्षे ज्या दाव्याची कागदपत्रे रचली, त्याला उत्तर दिले ते कलकत्त्याने किंवा लंडनने नाही, या तिसऱ्या पक्षाने. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले आणि दाव्याला वादीच उरला नाही. एका सचोटीच्या, हिशेबी, करारावर भाबडा विश्वास ठेवणाऱ्या कारभाऱ्याचे हे चरित्र वाचताना दोन्ही पक्षांचे मुद्दे वाचकाने जरूर तोलावेत. निकाल देताना मात्र, ज्यांचा मुलूख होता त्यांना साक्षीला बोलावले होते का, एवढे विचारावे.